कृषी पदवीसाठी सहा लाखांचं कर्ज काढावं का?

प्रश्न चांदवड तालुक्यातल्या एका भावाचा आहे. धाकट्या बहिणीची बारावी आणि सीईटी झाली, गुण मध्यम. तिला बी.एस्सी. (कृषी) करून कृषी खात्यात जायचंय, शेतकऱ्यांमध्ये राहून काम करायचंय. एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाचा माणूस घरी येऊन सांगून गेला की संस्थेच्या कोट्यातून जागा आत्ताच पक्की करा. शिक्षण शुल्क वर्षाला ९०,००० आणि वसतिगृह, मेस, इतर मिळून ६०,०००. चार वर्षांचे सहा लाख. घरी चार एकर, मुख्य पीक कांदा, वडिलांच्या नावावर बँकेचं पीक कर्ज. कुटुंब इतर मागास वर्गातलं, उत्पन्नाचा दाखला दोन लाखांच्या आतला. बँक शैक्षणिक कर्ज द्यायला तयार आहे. नोकरी लागल्यावर ते फिटेल का, असा त्यांचा प्रश्न.

मी राहुरीचा कृषी पदवीधर. बँकेत कृषी अधिकारी म्हणून लागलो आणि नोकरीचा बराच काळ नगर-नाशिकच्या ग्रामीण शाखांत गेला. पीक कर्ज आणि शैक्षणिक कर्ज, दोन्हींच्या फायली माझ्याच टेबलावर असायच्या. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू रोज पाहिल्या आहेत.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. बहिणीला कृषी पदवी जरूर करू द्या. सहा लाखांचं कर्ज काढू नका. आणि ही जागा संस्थेच्या कोट्यातून अजिबात घेऊ नका.

तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठा पैसा या कोट्यातच अडकलाय, म्हणून तिथूनच सुरू करू. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. कृषी अभ्यासक्रम त्यात येतात. अट एकच, पण कडक: प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे आपण ज्याला कॅप राउंड म्हणतो त्यातून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ही माफी मिळत नाही. म्हणजे तेच महाविद्यालय, तोच वर्ग, तेच शिक्षक. कॅपमधून गेली तर ९०,००० माफ, कोट्यातून गेली तर चार वर्षांचे ३,६०,००० घरातून. घरी आलेल्या माणसाने हे सांगितलं नसणार.

‘आजच पक्की करा’ या घाईचा अर्थही लक्षात घ्या. खासगी कृषी महाविद्यालयांतल्या जागा शेवटच्या फेरीपर्यंत रिकाम्या राहिलेल्या मी अनेक वर्षं पाहिल्या आहेत. मध्यम गुणांच्या मुलीला कॅपमध्ये शासकीय महाविद्यालय कदाचित मिळणार नाही, पण पसंतीक्रम नीट आणि लांब भरला तर खासगीतली जागा मिळण्याची शक्यता चांगली असते. पसंतीक्रमात पाचसहाच महाविद्यालयं टाकून मुलं बाहेर राहतात आणि मग कोट्याकडे वळतात. राहुरी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातली जेवढी चालतील तेवढी सगळी टाका. त्या त्या महाविद्यालयाचं मंजूर शुल्क किती हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघायला मिळतं. तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. कॅपमधून प्रवेश मिळाल्यावरही ‘आधी शुल्क भरा, शासनाचे पैसे आले की परत देऊ’ असं सांगणारे भेटतात. शासनाच्या सूचना तशा नाहीत. लेखी मागा.

आता कर्जाचं गणित. सहा लाख म्हणजे सहा लाख नसतात. दरवर्षी सुरुवातीला दीड लाख उचलले, व्याज १० टक्के धरलं. शिक्षणाची चार वर्षं आणि त्यापुढचं एक वर्ष हप्ता नसतो, त्याला बँकेत मोरॅटोरियम म्हणतात. हप्ता नसतो, व्याज मात्र लागत असतं. ते सरळव्याजाने धरलं तरी पहिल्या दीड लाखावर ७५,०००, दुसऱ्यावर ६०,०००, तिसऱ्यावर ४५,०००, चौथ्यावर ३०,०००. एकूण २,१०,०००. म्हणजे पहिला हप्ता सुरू होतो त्या दिवशी डोक्यावर ८,१०,००० असतात. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे १०,७०० रुपये. पंधरा वर्षांत फेडायचं तर सुमारे ८,७००, पण मग एकूण साडेपंधरा लाखांच्या पुढे जातात.

या १०,७०० च्या शेजारी पगाराचे आकडे ठेवून बघा.

बहिणीला कृषी खात्यात जायचंय. तिथलं पहिलं दार कृषी सेवकाचं. २०१९ नंतर मोठी जाहिरात आली ती २०२३ मध्ये, राज्यभर सुमारे २,१०० जागा, आणि ऑनलाइन परीक्षा जानेवारी २०२४ मध्ये झाली. निवड झाली की लगेच वेतनश्रेणी मिळत नाही. पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन. ते आधी ६,००० होतं, २०२३ मध्ये १६,००० झालं. तीन वर्षांनंतर कृषी सहायक म्हणून नियमित नेमणूक, मूळ वेतन २५,५०० पासून, वर महागाई भत्ता वगैरे. २०२५ मध्ये या पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी केलंय, काम तेच. आता सांगा, १६,००० मानधनातून १०,७०० चा हप्ता गेल्यावर उरलेल्या ५,३०० मध्ये ती कुठे राहणार, काय खाणार आणि गावोगाव फिरायला पेट्रोल कशातून टाकणार? आणि हे निवड झाली तर. मोरॅटोरियम एका वर्षात संपतो, भरतीची वाट त्याहून लांब असू शकते.

या पदाबाबत आणखी एक गोष्ट पालकांना बहुधा कुणी सांगत नाही. कृषी सेवक व्हायला पदवी लागत नाही, दहावीनंतरची कृषी पदविकाही चालते. म्हणजे सहा लाख घालून पदवी घेतलेली मुलगी आणि कृषी तंत्र विद्यालयातून अगदी थोड्या खर्चात पदविका घेतलेला मुलगा एकाच परीक्षेला, एकाच मानधनासाठी बसतात. एवढ्या एकाच पदासाठी कुणी पदवीचं मोठं कर्ज काढत असेल तर मी त्याला थांबवतो.

पदवीचा उपयोग आहे तो त्याच्या वरच्या दारांसाठी. लोकसेवा आयोगाची महाराष्ट्र कृषी सेवा परीक्षा घ्या. तालुका कृषी अधिकारी, मंडळ स्तरावरचे कृषी अधिकारी तिथून येतात, पगार चांगला, कामाला अधिकार. पण जागा थोड्या आणि वेळापत्रक बेभरवशाचं. २५ ऑगस्ट २०२४ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलली गेली तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर बसली होती. कृषी सेवेच्या २५८ जागा त्याच परीक्षेत घ्याव्यात अशी त्यांची एक मागणी होती. २५८ जागांसाठी वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसलेली ती पोरं. त्यांच्या मेहनतीबद्दल मला अपार आदर आहे, पण ज्याचा हप्ता सुरू झालाय त्याला तेवढं थांबता येत नाही.

बँकांची कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची परीक्षा मात्र आयबीपीएस ही बँक भरती संस्था दरवर्षी घेते. मूळ वेतन आज ४८,४८० पासून सुरू होतं. चार वर्षांची कृषी किंवा संलग्न विषयातली पदवी सक्तीची, म्हणजे इथे पदविकाधारक स्पर्धेत नाहीत. नेमणूक कुठल्याही राज्यात होऊ शकते आणि स्पर्धा मोठी आहे. तरी दरवर्षी ठरल्या वेळी येणारी परीक्षा म्हणून मी प्रत्येक कृषी विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षापासून हिची तयारी करायला सांगतो. शेतकऱ्यांमधलं काम इथेही आहे. पीक पाहणी, गोठ्याची तपासणी, बचत गटांच्या बैठका यातच आठवडा जातो.

मधल्या फळीतल्या विस्ताराच्या नोकऱ्याही आहेत. आत्मा योजनेतले तालुका पातळीवरचे तंत्रज्ञान व्यवस्थापक, पोकरा प्रकल्पातली पदं, बायफसारख्या संस्थांचे प्रकल्प. काम मनासारखं, पण बहुतेक ठिकाणी कंत्राटी, प्रकल्प संपला की नोकरी संपली. शेतकरी उत्पादक कंपन्यांना केंद्राच्या दहा हजार कंपन्यांच्या योजनेतून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पगारासाठी महिन्याला २५,००० पर्यंत मदत आहे, तीही पहिली तीन वर्षं. कृषी विज्ञान केंद्रातल्या विषय विशेषज्ञाला पदव्युत्तर पदवी लागते.

राहिल्या खासगी कंपन्या. कीटकनाशकं, बियाणं, ठिबक. माझ्यासमोर आलेल्या मुलांचे पहिले पगार बहुतेक १५,००० ते २२,००० मधले. यात फिरती विक्री जास्त आणि मुलींना त्या कामावर घ्यायला कंपन्या अजूनही कचरतात, हे मला पटत नसलं तरी वास्तव आहे. पण तुमच्या जिल्ह्यात मुलींसाठी दुसरी वाट चांगली रुंद झालीय. द्राक्ष निर्यातीचे पॅकहाउस, माती आणि अवशेष तपासणीच्या प्रयोगशाळा, टिश्यू कल्चर, रोपवाटिका, मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकऱ्यांच्या कंपन्या. आमच्या शाखेची एक कर्जदार मुलगी अशाच एका पॅकहाउसमध्ये लागली होती. पहिल्या महिन्याचं पासबुक घेऊन ती टेबलावर आली आणि बोट ठेवून दाखवायला लागली: पाच तारखेला पगार जमा १७,२००, दहा तारखेला हप्ता वजा, त्याच दिवशी घरी पाठवलेले ३,०००, मग खोलीभाडं, मेस. महिनाअखेर शिल्लक हजाराच्या आसपास. तिचा हप्ता तीन हजारांच्या जवळ होता म्हणून ते पासबुक शिलकीत राहिलं. तिच्याच गावातला एक मुलगा तेवढ्याच पगारावर होता, हप्ता मात्र नऊ हजारांच्या पुढे. त्याच्या वडिलांना आमच्या शाखेतून वर्षभर फोन जात होते.

म्हणून माझा हिशेब असा असतो. कर्ज किती काढायचं हे शेवटी मिळेल अशा पगारावरून ठरवायचं नाही. पदवीनंतर पहिल्या वर्षी, कुठलीही परीक्षा न निघता, जी नोकरी नक्की मिळू शकते तिच्या पगारावरून ठरवायचं. हप्ता त्या पगाराच्या पाचव्या हिश्श्याच्या आत बसला पाहिजे. पगार १८,००० धरला तर हप्ता ३,६०० पर्यंत. परीक्षा निघाली तर कर्ज लवकर फेडता येतं. शैक्षणिक कर्ज आधी फेडायला दंड नसतो.

तुमच्या बहिणीला कॅपमधून जागा मिळाली तर गणित पूर्ण बदलतं. शिक्षण शुल्क माफ, राहिले वर्षाचे ६०,०००. चार वर्षांचं कर्ज २,४०,०००. मोरॅटोरियममधलं व्याज तसंच साचू दिलं तर ८४,००० वाढून ३,२४,००० होतात आणि दहा वर्षांचा हप्ता ४,३०० च्या आसपास येतो. तो अजूनही थोडा जड आहे. पण शिक्षण चालू असताना व्याज भरत गेलात तर? पहिल्या वर्षी महिन्याला ५००, दुसऱ्या वर्षी १,०००, तिसऱ्या वर्षी १,५००, पुढे २,०००. असं केलं तर हप्ता सुरू होताना मुद्दल तेवढंच २,४०,००० राहतं आणि हप्ता ३,२०० च्या आत बसतो. शिवाय शिकत असताना व्याज भरणाऱ्याला अनेक बँका दरात एक टक्का सवलत देतात, मुलींना बऱ्याच ठिकाणी अर्धा टक्का वेगळी असते. मंजुरीपत्रात या दोन्ही ओळी आहेत का ते बघा.

तुमचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे, त्यामुळे केंद्राच्या व्याज अनुदान योजनेबद्दल शाखेत स्पष्ट विचारा. त्यात बसलं तर मोरॅटोरियममधलं सगळं व्याज शासन भरतं. पण व्यावसायिक अभ्यासक्रम आणि संस्थेची मान्यता या अटी आहेत, तेव्हा प्रवेश घेण्याआधी महाविद्यालय त्यात बसतं का हे बँकेकडून काढून घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांपुरती आहे, ती यादी विद्यालक्ष्मी पोर्टलवर बघता येते. वसतिगृहासाठी राज्याचा डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, अल्पभूधारकांच्या मुलांसाठी. चार एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारकांत बसता, पण इतर मागास वर्गाला तो लागू आहे का हे आधी महाविद्यालयात विचारा. असेल तर महाडीबीटीवर अर्ज करा. हे पैसे उशिरा येतात, त्यामुळे पहिल्या सत्राच्या खर्चात धरू नका; आले की कर्ज खात्यात भरा.

चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, बाहेरचा जामीनदार लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. चार लाखांच्या पुढे गेलात की प्रश्न सुरू होतात आणि साडेसात लाखांच्या पुढे तर जमीन-घराचं तारण आलंच. वडिलांच्या सातबाऱ्यावर शिक्षणाचा बोजा चढवायची वेळ येणार नाही, एवढ्यातच कर्ज ठेवा.

पीक कर्ज बघणारा माणूस म्हणून यापुढचं सांगणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शैक्षणिक कर्जात वडील सहकर्जदार असतात. मुलीचे हप्ते थकले की नोंद वडिलांच्या सिबिलवरही पडते. मग मे-जूनमध्ये ते पीक कर्जाच्या नूतनीकरणाला येतात तेव्हा संगणकावर थकबाकी दिसते आणि शाखा हात आखडता घेते. ज्या घरात कांद्याचं बी, मजुरी, खतं सगळं त्या पीक कर्जावर चालतं, तिथे एका मुलीच्या थकलेल्या हप्त्याने सगळ्यांचा हंगाम अडतो. उलटंही तितकंच होतं. मेसचे पैसे पीक कर्जातून भरले जातात, कांदा पडत्या भावात विकावा लागतो, मुदतीत पीक कर्ज फिरत नाही. तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर वेळेत फेडल्यास शून्य टक्के व्याज पडतं, ती सवलत गेली की स्वस्तातलं कर्ज महाग होऊन बसतं. पीक कर्जाला शिक्षणासाठी हात लावू नका. त्यापेक्षा शैक्षणिक कर्ज पन्नास हजारांनी वाढवा, ते परवडेल.

कर्ज मंजूर सहा लाखांचं झालं तरी उचलायचं लागेल तेवढंच. दरवर्षी फक्त त्या वर्षाची पावती दाखवून रक्कम काढा. कर्जासोबत विमा घ्यायला सांगतील. कर्जदाराच्या जिवाचा विमा वाईट नाही, पण तो सक्तीचा नाही आणि हप्ता कर्जात मिळवला तर त्याच्यावरही व्याज लागतं. किती रुपयांचा, किती वर्षांचा हे विचारून मगच सही करा.

बहिणीला शेतकऱ्यांमध्ये काम करायचंय हे तुम्ही लिहिलंय, आणि उत्तर द्यायला बसलो ते मुख्यतः त्यासाठी. शेवटच्या वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो, मुलं गावात राहतात, प्रात्यक्षिकं घेतात. तेव्हा तिला काम खरंच आवडतं का ते कळेल. त्याआधी, या सुट्टीतच, तुमच्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारून त्यांच्यासोबत चार दिवस फिरू द्या. सकाळी शेतात हुमणीची पाहणी, दुपारी ग्रामपंचायतीत बसून स्वतःच्या मोबाइलवर शेतकऱ्यांचे महाडीबीटीचे अर्ज, एखाद्याचा ओटीपी येत नाही म्हणून तासभर खोळंबा, गारपीट झाली असेल तर पंचनामे. साध्या साधनांची मागणी घेऊन याच लोकांना २०२५ मध्ये आंदोलन करावं लागलं होतं. हे सगळं बघूनही तिला हेच करायचं असेल तर ती टिकेल.

कॅपमध्ये कृषी मिळालंच नाही तर? तरीही कोट्याकडे जाऊ नका. उद्यानविद्या, कृषी जैवतंत्रज्ञान, अन्नतंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी यांचेही पसंतीक्रम भरा. बँकेच्या परीक्षेला यातल्या बऱ्याच पदव्या चालतात, जाहिरातीत यादी असते. एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी देणं हाही पर्याय आहे. बरेच पालक वर्ष वाया जातं म्हणून घाबरतात. ३,६०,००० शुल्क आणि त्यावरचं व्याज वाचवणारं वर्ष वाया गेलं असं मी म्हणणार नाही, मात्र ती खरोखर अभ्यास करणार असेल तरच.

पदवीनंतर एम.एस्सी. करायची झाली तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या प्रवेश परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवायचा प्रयत्न करावा. महिन्याला १२,००० च्या वर मिळतात, त्या शिक्षणाला कर्ज लागत नाही. पहिल्या कर्जाचा मोरॅटोरियमही वाढवून मिळू शकतो, पण त्यासाठी अर्ज वेळेत द्यावा लागतो, आपोआप काही होत नाही.

स्वतःचं कृषी सेवा केंद्र काढायचा विचार पुढे आला तर पदवी तिथेही उपयोगी पडते, कीटकनाशकांच्या परवान्याला पात्रता लागते. ॲग्री-क्लिनिक योजनेत ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण आहे, वीस लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला महिलांसाठी ४४ टक्के अनुदान आहे. पण पहिलं कर्ज निम्म्याच्या खाली आल्याशिवाय दुसरं काढू नये. आणि कुणी तिची पदवी परवान्यासाठी भाड्याने मागायला आलं तर स्पष्ट नकार द्या. दुकानात बोगस माल सापडला की गुन्हा परवान्यावर नाव असलेल्यावर दाखल होतो.

सध्या तीन कामं हातात घ्या. नॉन-क्रीमीलेअर दाखला चालू आर्थिक वर्षासाठी वैध आहे का बघा. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर पडताळणी समितीकडे उद्याच अर्ज करून पावती घ्या, त्याविना राखीव जागा आणि शुल्कमाफी दोन्ही अडतात. आणि बहिणीला सोबत घेऊन शाखेत जा, अर्ज तिला स्वतःला भरू द्या, वर लिहिलेले हप्त्याचे आकडे तिच्याच वहीत मांडून घ्या. कर्ज तिच्या नावावर असणार आहे.